भुलाई नदी आहे की नाला

पाणी घरात शिरलं याचं मारोतराव नरवाड्यांना फारसं वाईट वाटलं नाही. ते पुढच्या दारानं शिरलं, याचं वाटलं.

भुलाई नदी घराच्या मागे. मागे कढीपत्त्याचं झाड, मग बाभळी, मग नदी. तेव्हा नदीला यायचंच असेल तर तिनं मागच्या दारानं यावं, अशी कुणाही सरळ माणसाची अपेक्षा असणार. पण त्या सकाळी मारोतराव ओसरीत चहा घेत बसले होते, आणि पाणी पुढचं फाटक ढकलून, पायपुसण्यावरून, आमंत्रण असलेल्या पाहुण्यासारखं आत आलं. पुढे काय, तर महामार्ग. नागपुराहून तुळजापूरकडे जाणाऱ्या ट्रका त्यावर रात्रंदिवस धावत असतात. त्या रस्त्याकडून नदी यावी?

मारोतरावांनी पाय खुर्चीवर घेतले.

"बेबी, हे पाणी रोडकडून काहून येऊन राह्यलं?"

बेबीताई तेव्हा तुरीच्या डाळीचा डबा माळ्यावर चढवत होत्या. "तुमी इचारा त्याले," त्या म्हणाल्या. "मी डबा धरू का पाण्याची चौकशी करू?"

मारोतराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. कोणती गाडी कुठून आली, कुठे जाणार, कुठे पंक्चर होऊन पडली, हे उभी हयात त्यांनी लोकांना सांगितलं. अशा माणसाच्या घरात गुडघाभर पाणी उभं राहावं, आणि ते कुठून आलं हे त्याला सांगता येऊ नये, हा अपमान नाही तर काय? फ्रिज गेला, गादी गेली, मिक्सर गेला. बेबीताई त्यासाठी हळहळत होत्या. मारोतराव मात्र पाणी ओसरताच लुंगी खोचून त्याचा माग काढत निघाले.

माग फार लांब गेला नाही. रस्ता मोठा झाला तेव्हा उंचही झाला होता, पण त्याच्याखालची भुलाईची मोरी होती तशीच राहिली होती: सिमेंटचे तीन नळे. त्या नळ्यांत पऱ्हाट्यांच्या काड्या, प्लास्टिकची पोती आणि कुणाची तरी अख्खी बाज अडकली होती. नदीला रस्त्याखालून जाता आलं नाही, म्हणून ती रस्त्याच्या कडेकडेनं उतार शोधत गेली, आणि त्या बाजूला सगळ्यात सखल जागा म्हणजे मारोतरावांचं अंगण. हे कळल्यावर त्यांना एवढा आनंद झाला की ते घरी येऊन हसतमुखानं म्हणाले, "समजलं." बेबीताई गादी पिळत होत्या. त्यांना काहीच समजलं नाही.

संध्याकाळपर्यंत सल्ले यायला लागले. बोरदरी गाव त्या बाबतीत श्रीमंत आहे. किराणा दुकानवाले बबनराव तर सल्ला देण्यासाठीच दुकान चालवतात. साखर-पत्ती हा त्यांचा जोडधंदा. ते म्हणाले, "भाऊ, दारच मागं करा. मंग पाणी मागून येईन, तुमचंबी समाधान." कुणी म्हणालं, घर विका. कुणी म्हणालं, पण घेईन कोण? शेवटी बबनरावच म्हणाले, "नदीकाठी भिंत पाह्यजे आन् मोरी मोठी पाह्यजे. सरकारकडून निधी आणा."

निधी हा शब्द मारोतरावांना आवडला. जणू तो यवतमाळला एखाद्या खोलीत पोत्यांत भरून ठेवलेला असतो, आणि बोरदरीहून अजून कुणी न्यायला आलं नाही म्हणून तसाच पडून आहे.

ते एसटीनं यवतमाळला गेले. पहिल्या कार्यालयातल्या बाबूनं नकाशा उघडला, बोट फिरवलं आणि विचारलं, "हे नदी आहे का नाला?"

"नदी. नावच भुलाई नदी."

"नावाचं सोडा जी. आमच्या शिपायाचं नाव राजा आहे. नकाशात बारीक रेघ दिसते, म्हणजे नाला. नाला आमच्याकडं नाही."

नाला ज्यांच्याकडे होता ते कार्यालय रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथे मारोतरावांनी घरातल्या पाण्याचे फोटो दाखवले. तिथला बाबू ते पाहून भारावून गेला. "येवढं पाणी? काकाजी, ही तं नदी हाये. नाल्याले येवढं पाणी कुठून येईन? नदी आमच्याकडं नाही." तिसऱ्या कार्यालयाकडे महामार्ग होता. तिथे त्यांना अतिशय अदबीनं सांगण्यात आलं की रस्त्याखालून जातं तेवढंच पाणी त्यांचं; जे पाणी खालून जात नाही, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही.

मारोतराव पुन्हा पहिल्या कार्यालयात आले. आता बाबू जेवायला गेला होता, आणि खुर्चीत रंजिता चव्हाण नावाची तरुण इंजिनीयर बसली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"काका, हिचा उगम कुठं आहे?"

पुसद, उमरखेड, किनवट, सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं ज्यांना झोपेत पाठ, त्या मारोतरावांना घरामागून वाहणारी नदी कुठून सुटते हे ठाऊक नव्हतं. पंचवीस पावसाळे तिच्या काठी काढले होते.

"नदी म्हणून दाखवायची तर उगम पाहिजे, लांबी पाहिजे, उन्हाळ्यात पाणी राहतं का ते पाहिजे," रंजिता म्हणाली. "आमच्याकडं पाठवायला माणूस नाही. तुम्ही पाहून आलात तर बरं होईल."

आता हे वाक्य माणसाला गोड बोलून वाटेला लावायचं होतं, हे कुणालाही कळलं असतं. मारोतरावांनी तो हुकूम मानला.

निघायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या तांड्यातले रामसिंग राठोड नदी ओलांडून आले. उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यांचं वावर भुलाईला लागून. त्यांनी पाणी घेतलं, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "नरवाडे साहेब, तुमी तुमच्या काठानं भिंत बांधून राह्यले म्हणते."

"हो. घराले धोका हाये ना."

"मंग पाणी कुठं जाईन?"

पाणी कुठून येतं याचा विचार मारोतरावांनी महिनाभर केला होता. भिंतीला धडकल्यावर ते कुठे जाईल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्यांनी बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताईंनी रामसिंगांकडे पाहिलं.

"औंदा तुमच्या घरात पाणी शिरलं," रामसिंग म्हणाले, "तवा आमची तूर गेली. निसती तूर नाही, खालची मातीबी गेली. आमची घरवाली सोनीबाई धुऱ्यावर उभी राहून पाह्यत होती, आपलं वावर रोडकडं चाल्लं. तूर पुढच्या साली पेरता येते जी. माती कुठून आणू?"

रामसिंगांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मारोतरावांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं. ते म्हणाले, "मंग दोन्ही काठाले भिंत मागू."

"मागू म्हणजे कोण?"

"आपण. उद्या उगम पाह्याले चाल्लो मी. चालता का?"

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मारोतराव पुढे आणि काठी घेतलेले रामसिंग मागे, अशी ही मोहीम नदीच्या उलट्या दिशेनं निघाली.

पहिल्या गावात भुलाईला कुणी ओळखेना. "ती होय? ती तं लेंडी," एक म्हातारा म्हणाला. मारोतरावांना हे फार लागलं. ज्या नदीसाठी आपण कार्यालयांचे जिने झिजवतो आहोत, तिला लोकांनी लेंडी म्हणावं? त्यांनी म्हाताऱ्याला भुलाई हे नाव तीनदा म्हणायला लावलं. त्याच्या पुढच्या गावात तिला पांढरा ओढा म्हणत. मारोतरावांनी त्यांनाही समजावलं. "तुमी नदी पाह्याले आले का बारसं कराले?" रामसिंगांनी विचारलं.

मग नदीला दोन फाटे फुटले. आता मूळ नदी कोणती? रामसिंग म्हणाले उजवी. मारोतरावांनी एसटीचा अनुभव पुढे केला. ज्या फाट्यावरून गाड्या जास्त येतात तोच मुख्य रस्ता. डावीकडे पाणी जास्त, तेव्हा मुख्य नदी डावी. रामसिंगांनी वाद घातला नाही. ते डावीकडून चालत राहिले. काटे होते, चिखल होता. एका जागी मारोतरावांची चप्पल रुतली ती रुतलीच. पण पाणी झुळझुळत होतं, आणि प्रत्येक वळणावर मारोतराव म्हणत होते, "पाहा, बारमाही हाये." दुपारी ते एका विहिरीपाशी पोचले. तिथे एक शेतकरी मोटर लावून झाडाखाली झोपला होता. पाटाचं पाणी बांध फोडून नाल्यात उतरत होतं. या दोघांच्या बोलण्यानं तो उठला, त्यानं मोटर बंद केली, आणि नदी संपली.

परतीच्या वाटेवर रामसिंग एक शब्द बोलले नाहीत. मारोतरावांना ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ते उजव्या फाट्यानं गेले. स्कूटर एका तांड्यात ठेवली आणि सागाच्या रानातून चढू लागले. पाणी कमी कमी होत गेलं. आधी पायभर, मग पाऊलभर, मग दगडांखालून नुसता आवाज. मारोतरावांचं वय, गुडघे, रक्तदाब, सगळं त्यांना माघारी बोलावत होतं, पण त्या आवाजाचं टोक कुठे आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना खाली उतरवणं शक्य नव्हतं. शेवटी एका उंबराच्या बुडाशी वाटीएवढा खड्डा दिसला. त्याच्या तळाशी वाळूचे कण उकळत्या साबुदाण्यासारखे नाचत होते. पाणी तिथून वर येत होतं.

मारोतराव खाली बसले आणि त्यांनी त्यात एक बोट घातलं. थंडगार. कितीतरी वेळ त्यांनी ते बाहेर काढलंच नाही.

"येवढंसंच?" ते म्हणाले.

"मंग केवढं पाह्यजे?"

मागे एक म्हातारी उभी होती. तिचं नाव बिजलीबाई. शेत तिचंच, उंबर तिचाच, आणि चढावरून उतरत असलेल्या म्हशीही तिच्याच. रामसिंगांनी तिला "याडी", म्हणजे आई, अशी हाक मारली आणि तांड्याच्या गोर बोलीत सगळी हकिकत सांगितली. म्हातारी पदराआड हसत राहिली. मग मारोतरावांकडे वळून मराठीत म्हणाली, "माह्या म्हशी पिऊन उरते तेवढं तुमच्याकडं जाते बापू. भर उन्हाळ्यातबी आटत नाही."

म्हणजे आपल्या घरात शिरलं ते म्हशींचं उष्टं होतं तर. या माहितीनं मारोतरावांच्या प्रतिष्ठेला जरा धक्का बसला, पण उन्हाळ्यात आटत नाही हे ऐकून तो भरून निघाला. त्यांनी उगमाचा फोटो काढला. बिजलीबाईनं काळा चहा दिला. पाणी अर्थातच तिथलंच.

चूक एवढीच झाली की तो फोटो त्यांनी रंजिताबरोबर बबनरावांनाही पाठवला. बबनरावांनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि सोबत स्वतःच्या मनानं "भुलाईमातेचं पवित्र उगमस्थान" असं लिहिलं. आठ दिवसांत बिजलीबाईच्या शेतात मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. लोक उंबराला दोरे बांधू लागले, पाणी बाटल्यांत भरू लागले. म्हशी तहानल्या. बिजलीबाईनं मग काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं आणि काठी घेऊन समोर बसली. लोक परतले, पण आणलेले नारळ परत घरी कसे न्यायचे? ते खाली आले आणि महामार्गाला लागून, गाडी लावायला सोपं पडतं म्हणून, मारोतरावांच्या घरामागे भुलाईच्या काठी नारळ फोडू लागले. तिथे एक झेंडा लागला. मग दुसरा.

"निधी आणाले गेलते, देव घेऊन आले," बेबीताई म्हणाल्या.

एप्रिलमध्ये पाहणी आली. रंजिता होती, आणि तिच्याबरोबर तिचे मोठे साहेब. भुलाईत तेव्हा एका खोलगट जागी पाणी होतं, आणि त्यात एक म्हैस.

"पूर कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पूर पावसाळ्यात येते."

"पावसाळ्यात आम्हाला येता येत नाही. तुमचा रस्ता बंद असतो."

"पुरामुळंच बंद असते, साहेब."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. दोघांचं एकमत झालं आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला. पूरनियंत्रणाच्या सदरात या वर्षी पैसा नाही, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, असं बोलत साहेब गाडीकडे वळले. तेवढ्यात त्यांना झेंडे आणि नारळाच्या करवंट्यांचा ढीग दिसला.

"इथे भाविक येतात का?"

"हजारोंनी," बबनराव म्हणाले. ते कुणी न बोलावताच आले होते.

महिनाभरात मंजुरी आली. भुलाई नदीवर घाट, पायऱ्या, वाहनतळ आणि स्वागत कमान. भिंतीचा शब्दही नव्हता. मारोतराव तडक यवतमाळला गेले. इतके चिडले होते की एसटीत त्यांनी खिडकीबाहेरही पाहिलं नाही.

"मले घाट नको," ते रंजिताला म्हणाले. "मले भिंत पाह्यजे. घरात पाणी येऊन राह्यलं आन् तुमी मले आंघोळीची सोय करून राह्यल्या."

रंजितानं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "काका, घाट म्हणजे काय असतं?"

"पायऱ्या."

"पायऱ्या कशावर टेकतात?"

मारोतरावांनी ग्लास उचलला आणि हातातच धरला.

"त्या भिंतीची उंची तुमच्या ओट्याच्या वर धरली आहे," ती म्हणाली. "घाटावर गर्दी होणार, म्हणून महामार्गवाल्यांनी नळे काढून मोठी चौकोनी मोरी करायचं कबूल केलं आहे. गर्दीसाठी ते करतात. पाण्यासाठी केलं नसतं."

"आन् रामसिंगचा काठ?"

"भाविक दोन्ही काठांवरून येतात, असं मी लिहिलं आहे."

हे रामसिंगांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "आमचा अख्खा तांडा भाविक हाये म्हणून सांगा त्या बाईले."

कंत्राटदारानं सगळ्यात आधी कमान बांधली. घाट नाही, भिंत नाही, पण महामार्गाच्या कडेला "श्री क्षेत्र भुलाई" अशी कमान उभी, आणि तिच्यातून आत शिरलं की समोर मारोतरावांचं घर. लोक फाटकाशी चपला काढून ओसरीत येत आणि लुंगीवर बसलेल्या मारोतरावांना विचारत, पावती इथंच फाडता का? एका बाईनं तर बेबीताईंच्या हातच्या कढीला प्रसाद समजून वाटी पुढे केली. बेबीताईंनी वाढली. काय करणार?

पण काम झालं. एक पावसाळा कोरडा गेला, दुसऱ्याच्या तोंडाशी दोन्ही काठ बांधून झाले आणि मोरीही झाली. जुलैत एका दुपारी डोंगराकडे आभाळ काळं झालं. बेबीताईंनी डाळीचा डबा माळ्यावर ठेवला. त्यांचा घाटावर विश्वास नव्हता. मारोतराव छत्री घेऊन काठावर गेले. पलीकडे रामसिंग आणि सोनीबाई घोंगडी पांघरून उभे होते.

पाणी आलं. गढूळ, फेसाळ, ओंडके घेऊन. ते एकेक पायरी चढू लागलं. मारोतरावांना आठवली ती उंबराखालची वाटी. तेच पाणी हे? एवढ्याशा जागेतून निघून, म्हशींना पाजून, वाटेत कुणाची लेंडी आणि कुणाचा पांढरा ओढा होऊन हे इथे आलं? त्यांना भीती वाटायला हवी होती; ते पुढे वाकून पाहत होते. वरच्या पायरीच्या खाली पाणी थबकलं. मोरीतून हत्ती घुसल्यासारखा आवाज येत होता, आणि सगळं पाणी रस्त्याखालून पलीकडे जात होतं. वरून ट्रका चालूच होत्या.

अंधार पडायच्या आत पाणी उतरू लागलं. पलीकडून रामसिंगांनी काठी वर केली. त्यांच्या मागे वावर होतं, हिरवं, आणि माती जागेवर होती. मारोतरावांनी छत्री वर केली. ती उलटी झाली आणि ते भिजले.

उद्घाटन पाऊस संपल्यावर झालं. ग्रामसभेनं ठराव केला होता की घाटाला मारोतरावांचं नाव द्यावं, सुचवलं रामसिंगांनी. मारोतराव नव्या सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले. पडदा बाजूला झाला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: "कै. मारोतराव नरवाडे स्मृती घाट".

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या.

"जिवंत माणसाचं नाव बसत नव्हतं जी," ग्रामसेवक हळूच म्हणाला. "म्हणून नियमात बसवलं. बदलाचं असन तं पुन्हा अर्ज करा. संग हयातीचा दाखला लागन."

बेबीताई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मारोतराव दगडाकडे पाहत राहिले. अर्ज करायचा म्हणजे यवतमाळ, मग तीन कार्यालयं, मग आपण जिवंत कुणाच्या अखत्यारीत येतो हा प्रश्न. रामसिंग शेजारी येऊन उभे राहिले. "एका अक्षरासाठी कायले जाता," ते म्हणाले. "दगड चांगला हाये."

दगड खरंच चांगला होता. मारोतराव आता संध्याकाळी त्याच्याशेजारीच बसतात. परवा एक गाडी थांबली, कुटुंब उतरलं. त्यातल्या बाईनं दगडाला हात जोडले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "हे मारोतराव पुरात वाहून गेले का जी?"

मारोतरावांनी थोडा विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "निधी आणता आणता गेले."

बाईनं च्‌ च्‌ केलं, नारळाचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि पायऱ्या उतरून पाण्याकडे गेली. मारोतरावांनी खोबरं चावून पाहिलं. गोड होतं.